अंथरूण वाढवणाऱ्या बाया

१

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. ती कोणी कोणासाठी रचली, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. ज्याच्या घरी गादी-गिरदी आहे त्याला या म्हणीची गरज पडत नाही. ती सांगितली जाते ती ज्याचे पाय अंथरुणाबाहेर जातात त्याला, आणि तिचा अर्थ एवढाच की पाय आखडून घे. अंथरूण दैवाने ठरवून दिलेले आहे, ते वाढत नाही, हे या म्हणीने आधीच धरून चाललेले आहे. कष्टकऱ्यांच्या घरात खरी गोष्ट अगदी उलट होती. तेथे अंथरूण कोणी ठरवून दिलेले नव्हते. ते घरातली बाई फाटक्या कपड्यांतून तयार करीत होती आणि घरात एक लेकरू वाढले की तेही हातभर वाढवीत होती. या कामाला हात लागत होते तसे डोकेही लागत होते. पण डोक्याच्या कामाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गोधडीकडे कधी पाहिले नाही.

या लेखात मी गोधडीच्या एका इतिहासाची मांडणी करणार आहे. तो आपल्या देशातला नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे एक गाव आहे. तेथील काळ्या स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्या आज वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत आधुनिक चित्रांच्या शेजारी लावलेल्या आहेत. गुलामीतून आलेल्या बायांच्या चिंध्या तेथवर कशा पोहोचल्या, आणि त्या पोहोचताना बायांच्या पदरात काय पडले, हे आपण नीट पाहिले पाहिजे.

'आपण' असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रो संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडीत असलेल्या निवेदनाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचे नावच तिकडचे होते. मात्र हा सारा व्यवहार पुस्तकांचा, पत्रांचा, जाहीरनाम्यांचा झाला. तिकडच्या आणि इकडच्या ज्या बायांना लिहिता येत नव्हते त्यांनी काय विचार केला, हे या देवाणघेवाणीत आले नाही. त्यांचा विचार कापडात होता.

२

अलाबामा नदी विल्कॉक्स परगण्यात एक मोठे वळण घेते. या वळणामुळे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा जो तुकडा तयार झाला तो म्हणजे गीज बेंड, गी नावाच्या माणसाचे वळण. १८१६ साली जोसेफ गी हा उत्तर कॅरोलिनातून आलेला गोरा मालक गुलाम घेऊन येथे आला आणि त्याने कापसाचा मळा घातला. पुढे १८४५ साली कर्जाच्या फेडीपोटी हा मळा मार्क पेटवे या नातलगाकडे गेला. पेटवेने आपले सुमारे शंभर गुलाम उत्तर कॅरोलिनातून अलाबामापर्यंत पायी चालवीत आणले. आजही या गावात पेटवे हे आडनाव घरोघर आहे. मालकाचे नाव गुलामाच्या वंशजाला चिकटून राहिले आहे. आपल्या गावांत नावावरून जात ओळखतात, तेथे आडनावावरून मळा ओळखता येतो.

१८६५ साली गुलामी कायद्याने संपली. माणसे त्याच जमिनीवर, त्याच मालकांची कुळे म्हणून राबत राहिली. बियाणे उधार, खत उधार, खायला मका उधार. हंगामाच्या शेवटी कापूस द्यायचा आणि हिशेब सावकाराच्या वहीत. ही व्यवस्था मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मंदीच्या काळात कापसाचे भाव कोसळले. गावाला उधार देणारा पलीकडच्या कॅम्डेनमधील व्यापारी वारला, आणि १९३२ साली त्याच्या विधवेने वसुली काढली. साठेक कुटुंबांच्या घरांतून खेचरे, नांगर, कोंबड्या, मका, रताळी सगळे उचलून नेले. तो हिवाळा गावाने रेडक्रॉसच्या धान्यावर काढला.

यानंतर जे घडले ते या कथेचा कणा आहे. रूझवेल्ट सरकारने १९३० नंतरच्या दशकात येथील सुमारे दहा हजार एकर जमीन विकत घेतली, सहकारी शेतीचा प्रयोग केला, घरे बांधली, आणि पुढे १९४० नंतरच्या काळात ही जमीन व घरे हप्त्याने कुळांनाच विकली. दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुराच्या नावावर जमीन होणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. गीज बेंडच्या माणसाच्या पायाखाली स्वतःची जमीन आली. पुढे मतदानाच्या हक्काचा लढा उभा राहिला तेव्हा या माणसांना मालकाने घराबाहेर काढण्याची भीती इतरांपेक्षा कमी होती. भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा इतिहास ज्यांच्या मागे आहे त्यांना या दोन गोष्टींतला संबंध चटकन कळेल.

३

आता गोधडीकडे येऊ. १९३७ साली आर्थर रॉथस्टाइन या सरकारी छायाचित्रकाराने गीज बेंडची छायाचित्रे घेतली. त्यांत ओंडक्यांची घरे दिसतात. फटींतून वारा येऊ नये म्हणून आतल्या भिंतींना वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे कागद चिकटवलेले दिसतात. त्या घरांत थंडी अडवण्याचे दुसरे साधन गोधडी हे होते. एकेका खाटेवर बऱ्याच गोधड्या लागत. म्हणून घरातली प्रत्येक बाई शिवत होती, आवड असो वा नसो. लोरेटा पेटवे ही आज तेथील नामवंत कलावंत मानली जाते. शिवणाची आपल्याला आवड नव्हती, गरज होती म्हणून शिवले, असे तिने स्वतःच सांगितले आहे. कलेचा उगम आनंदात असतो असे मानणाऱ्या सौंदर्यशास्त्राने या साक्षीचा विचार केला पाहिजे.

कापड कोठून येई? पहिले म्हणजे कामाचे जुने कपडे. डेनिमच्या विजारी, शर्ट, एप्रन. दुसरे म्हणजे पोती. अमेरिकेत पीठ, पेंड, साखर, खत सुती पोत्यांतून येत असे. १९२० नंतर गिरणीवाल्यांच्या ध्यानात आले की रिकाम्या पोत्यांचे बाया कपडे शिवतात. मग त्यांनी पोत्यांवर फुलांची, चौकड्यांची, ठिपक्यांची छपाई सुरू केली, आणि आपल्या छापाचे नाव धुतल्यावर निघून जाईल अशा शाईत छापले. पेंड आणायला निघालेल्या नवऱ्याला बाई बजावून सांगे की मागच्या खेपेचेच फूल असलेले पोते आण, एकाने झगा पुरा होत नाही. व्यापाऱ्याने तो गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी केलेला डाव होता यात शंका नाही. पण निवड बाईची होती. दारिद्र्यात आवडनिवड नसते, असे जे समजतात त्यांनी हे पोत्यावरचे फूल आठवावे. आवडीचे छापील कापड बाई झग्यासाठी ठेवी. झगा विरला की त्यातला जो भाग शाबूत असे तो गोधडीत सर्वांना दिसेल अशा जागी बसे.

शिवण्याची रीत अशी. वरचा थर, म्हणजे तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, प्रत्येक बाई एकटी तयार करी. तो जमिनीवर किंवा खाटेवर पसरून पाही, तुकडे हलवी, पुन्हा पाही. मग खाली अस्तर आणि मध्ये कापूस. हा कापूसही बहुधा जिनमध्ये सांडलेला, झाडून आणलेला, काठीने बडवून साफ केलेला. दिवसभर ज्या कापसासाठी राबायचे त्याचा केर तेवढा घरी येई. हे तिन्ही थर लाकडी चौकटीत ताणून चार-सहा बाया भोवती बसत आणि धर्मगीते म्हणत टाके घालीत. म्हणजे रचना एकीची आणि टाके साऱ्यांचे. समूहाची कला म्हणून व्यक्तीचे नाव पुसण्याची जी सवय अभ्यासकांना लागलेली आहे तिला येथे आधार मिळत नाही. ही रचना कोणाची, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असे.

गीज बेंडमध्ये सर्वांत लाडकी रचना 'हाऊसटॉप', म्हणजे घराचे छप्पर. मधे एक चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याच्या चारही कडांना पट्ट्या जोडायच्या, त्या पट्ट्यांना पुन्हा पट्ट्या, असे बाहेर बाहेर जायचे. नियम एवढाच. पण या एका नियमातून शेकडो वेगळ्या गोधड्या निघाल्या. एखादी बाई मधला चौकोन मुद्दाम एका कोपऱ्याकडे सरकवी. एखादी दोनच बाजूंना पट्ट्या लावून घराचा चतकोर भाग दाखवी. एखादी निळ्याच्या सलग ओळी चालू असता अचानक लाल पट्टी घाली, आणि ती लाल पट्टी काढून पाहिली तर सारी गोधडी मरगळते. कापड संपले म्हणून असे झाले, असे काही ठिकाणी म्हणता येईल. पण कापड संपल्यावर कोणता तुकडा कोठे लावायचा याचा निर्णय कापड करीत नाही. पुस्तकातल्या नमुन्याप्रमाणे न जाता आपल्या मनाने केलेल्या रचनेला या बाया 'माझी रीत' म्हणत.

मिझुरी पेटवे या बाईने १९४२ साली शिवलेली एक गोधडी आहे. तिचा नवरा नथॅनिएल वारला होता. त्याचे शेतात वापरायचे कपडे तिने उसवले आणि त्यांच्या पट्ट्यांची गोधडी केली. तिची मुलगी आर्लोन्झिया हिने पुढे सांगितले की, बापाची आठवण राहावी आणि त्याच्या मायेच्या पांघरुणाखाली निजता यावे म्हणून आईने ती शिवली. निळे, करडे, मळकट पांढरे असे तिचे रंग आहेत. घामाने आणि उन्हाने विटलेल्या त्या कापडांवर पुन्हा रंग चढवण्याचा तिने प्रयत्न केलेला नाही. अशा कामकपड्यांच्या गोधड्यांत खिसा उसवला त्या जागी मूळ गडद रंगाचा चौकोन दिसतो आणि गुडघ्याच्या जागी कापड फिकटलेले असते. माणूस कोठे वाकला, कोठे झिजला, हे त्यावरून वाचता येते. ज्यांच्या घरी खतावणी नाही, वंशावळ नाही, पत्रे नाहीत, त्यांच्याकडे दस्तऐवज नाहीत असे इतिहासकार म्हणतो. हा दस्तऐवज नव्हे तर काय? मिझुरीची गोधडी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

४

१९६५ च्या आरंभी विल्कॉक्स परगण्यात काळ्यांची बहुसंख्या होती आणि मतदारयादीत काळा माणूस एकही नव्हता. परगण्याचे ठाणे कॅम्डेन नदीपलीकडे. गीज बेंडचे लोक नावनोंदणीसाठी तरीने पलीकडे जाऊ लागले तेव्हा १९६२ साली तरच बंद करण्यात आली. नदी ओलांडण्याऐवजी चाळीसेक मैलांचा वळसा पडू लागला. ही तर २००६ साली पुन्हा सुरू झाली, चव्वेचाळीस वर्षांनी. चवदार तळ्याचे पाणी आणि अलाबामा नदीचे पाणी यांत फरक इतकाच की तेथे पाणी शिवण्यावर बंदी नव्हती, ओलांडण्यावर होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गीज बेंडला येऊन गेले. त्यानंतर नोंदणीला जाणाऱ्या आसपासच्या कुळांना घरांतून काढले गेले, कामांवरून काढले गेले.

अशा हकालपट्ट्यांची माहिती गोळा करीत फ्रान्सिस वॉल्टर हा गोरा धर्मोपदेशक त्या डिसेंबरात या भागात हिंडत होता. एका घरासमोर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहून तो थांबला. गोरा माणूस दारात आलेला पाहून घरातली बाई रानात पळून गेली. गोधडीच्या कलात्मकतेवर पुढे जी पुस्तके लिहिली गेली त्या सर्वांच्या मुळाशी हे भय आहे, ते विसरता कामा नये. वॉल्टरने गोधड्या दहा दहा डॉलरना घेतल्या, न्यूयॉर्कला लिलाव केला, आणि १९६६ साली बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. संस्थेचे काम एस्टेल विदरस्पून या काळ्या बाईने दीर्घ काळ सांभाळले. संस्थेने जी तेवीस एकर जमीन घेतली तिच्यातले काही तुकडे घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना विकले. १९६९ साली तेथे किंग यांच्या नावाचे शिवणकेंद्र उभे राहिले. गोधडीच्या पैशातून पुन्हा जमीनच आली.

येथे एक पेच उभा राहिला. न्यूयॉर्कच्या दुकानांना ठरावीक मापाच्या, एकसारख्या गोधड्या हव्या होत्या. एक आवडली की तशाच पन्नास हव्यात. 'माझी रीत' दुकानाला परवडत नाही. मग बायांनी काही ठरलेले नमुने पुन्हा पुन्हा शिवले, कोपरे काटकोनात आणले, टाके मोजले. पैसा मिळाला, मुले शिकली. १९७२ साली सीअर्स कंपनीने कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळी शिवण्याचे काम दिले. कॉर्डरॉय म्हणजे उभ्या रेघांचे, मखमलीसारखे जाड कापड. दिवसभर एकाच मापाच्या खोळी शिवायच्या आणि उरलेले कातरण, सोनेरी पिवळे, नारिंगी, हिरवे, लाल, घरी न्यायचे. त्या जाड कापडाला बारीक कलाकुसर सोसत नाही. म्हणून रुंद पट्ट्यांच्या, ठळक चौकोनांच्या गोधड्या झाल्या. त्याच दशकात ॲनी मे यंग हिने विटक्या डेनिमच्या विस्तीर्ण चौकटीत कॉर्डरॉयच्या तांबड्या-पिवळ्या पट्ट्या बसवून केलेली गोधडी आज जगभर छापली जाते. कारखान्यासाठी केलेल्या खोळी कोणाच्या लक्षात नाहीत. कातरणातून स्वतःसाठी केलेले राहिले. तरीही मी त्या खोळींना कमी लेखणार नाही, कारण मुलांची फी त्यांतून भरली गेली. फ्रीडम क्विल्टिंग बी २०१२ साली बंद झाली.

५

जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन गोधड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. गोधड्या अमूर्त चित्रांप्रमाणे पांढऱ्या भिंतींवर टांगल्या होत्या. समीक्षक थक्क झाले. चित्रकारांनी १९५० नंतर जे केले ते बायांनी शंभर वर्षे आधी केले होते, असे लोक म्हणू लागले. मात्र बहुतेक गोधड्यांखाली शिवणारीचे नाव नव्हते. वस्तू कला ठरली आणि कलावंत मात्र उभा राहिला नाही. एकतीस वर्षांनी, २००२ साली, गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनहून त्याच व्हिटनीत आले. या वेळी नावे होती, जन्मवर्षे होती, बायांची कथने होती. अटलांटाचा संग्राहक विल्यम आर्नेट याने गावात हिंडून या गोधड्या जमवल्या होत्या. नावे भिंतीवर आली हे त्याचे श्रेय आहे. २००६ साली अमेरिकन टपालखात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली.

पुढच्याच वर्षी ॲनी मे यंग, लोरेटा पेटवे आणि आणखी एक बाई यांनी आर्नेट कुटुंबाविरुद्ध दावे लावले. गोधड्यांची आणि त्यांवरून छापलेल्या वस्तूंची मिळकत आपल्याला योग्य तेवढी मिळाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आर्नेटनी आरोप नाकारले. २००८ साली दावे आपसांत मिटले. कोणाचे किती चुकले हे ठरवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न पुढचा आहे. गोधडी विकली म्हणजे तिच्यातली रचनाही विकली का? कापड हातचे गेले तरी ती पट्टी तेथे लावण्याची बुद्धी कोणाच्या मालकीची? पुस्तकाच्या लेखकाला हा प्रश्न विचारावा लागत नाही, कायद्याने तो आधीच सोडवून ठेवला आहे. गोधडी शिवणारीला तो कचेरीत जाऊन मांडावा लागला.

हा प्रश्न नवा नाही. जॉर्जियात १८३७ साली गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने बायबलमधल्या प्रसंगांची एक गोधडी शिवली. १८८६ च्या अथेन्स गावच्या जत्रेत जेनी स्मिथ या गोऱ्या चित्रशिक्षिकेने ती पाहिली आणि मागितली. पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी घरात अडचण आली तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाचाला ती दिली. नंतर ती गोधडी पाहण्यासाठी ती स्मिथच्या घरी पुन्हा पुन्हा जात असे. एकेका चौकटीत काय आहे ते तिने सांगितले आणि स्मिथने लिहून घेतले, म्हणून आज आपल्याला अर्थ कळतो. ती गोधडी स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल सावध राहिले पाहिजे. गुलामांना पळून जाण्याच्या वाटा दाखवण्यासाठी गोधड्यांच्या नमुन्यांत गुप्त खुणा शिवलेल्या असत, अशी एक कथा १९९९ सालच्या एका पुस्तकानंतर फार पसरली. शाळांतून ती शिकवलीही जाते. इतिहाससंशोधकांना तिच्यासाठी पुरावा सापडलेला नाही. मोह समजण्यासारखा आहे. पण बाईने गोधडीत नकाशा लपवला तरच ती बुद्धिमान, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या चार लेकरांसाठी विटक्या विजारींतून रचना उभी केली तर ती केवळ गरजू, हा हिशेब मला मान्य नाही. आपल्या इतिहासाला दंतकथेची भर घातली की विरोधकाला एकच दोरा ओढावा लागतो आणि सगळे उसवते.

६

आता आपल्याकडे वळू. कापड हा आपल्या देशात नेहमीच जातीचा विषय राहिला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे. म्हणजे फाटके वापरणे ही येथे केवळ गरिबी नव्हती, ती आज्ञा होती. त्याच देशात त्याच्याही आधी बुद्धाच्या भिक्खूंनी स्मशानातले, उकिरड्यावरचे फेकलेले कापड उचलले, धुतले आणि शिवून चीवर केले. विनयपिटकात एक प्रसंग आहे. मगधातली बांध घातलेली भातखाचरे पाहून बुद्धाने आनंदाला विचारले, तुला अशा आखणीचे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे कापून बांधासारखे जोड घालून चीवर तयार केले, आणि बुद्धाने संघासमोर आनंदाच्या बुद्धीची प्रशंसा केली. तुकडे जोडण्याच्या रचनेला इतक्या जुन्या काळी नावानिशी श्रेय दिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आज्ञेने अंगावर आलेली चिंधी आणि विचाराने शिवलेली चिंधी यांत अंतर आहे. १९५६ साली आपण जो मार्ग घेतला त्यात हे अंतरही आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाईखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला विटाळ होई. जास्त पगाराचे खाते अशा रीतीने बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. ज्यांच्या ओठांचा धागा बाटत होता त्यांच्या घरांतल्या बाया, कापडाचे जे काही हाताला लागे त्याचे जोड घालून पुन्हा कापड करीत होत्या. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदला असे सांगितले. पेहराव हा अस्मितेचा प्रश्न आहे हे त्यांना माहीत होते.

आपली वाकळ कशी होते? वरखाली जुनी लुगडी, मध्ये धडुत्यांचे, चिरगुटांचे थर. लुगड्याचा मधला भाग विरलेला असतो, तो काढून दोन्ही बाजूंचे चांगले भाग जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. मग कडेपासून धावदोरा सुरू करून फेऱ्याच्या आत फेरा घेत मध्यापर्यंत यायचे. हाऊसटॉपचे चौकोन मधून बाहेर जातात, वाकळेचे टाके बाहेरून आत येतात. माझ्या आजीची एक वाकळ आमच्या घरी आहे. तिच्या वरच्या थरात ठसठशीत फुलांच्या चिटाचा एक तुकडा बरोबर उशाकडे बसवला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मिळालेल्या पहिल्या पगारातून तिने माझ्या आत्याला त्या चिटाचे परकर-पोलके शिवले होते. परकर संपला, फूल उशाशी राहिले. आजीला अक्षरओळख नव्हती. दुष्काळाची तिने केलेली नोंद ही एवढीच.

अशी साम्ये पाहून आफ्रिकेचा वारसा, रक्तातली कला वगैरे बोलण्याकडे काहींचा कल असतो. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकनांपैकी काही जण निसटून कारवारच्या जंगलात गेले. त्यांचे वंशज सिद्दी आज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागांत राहतात आणि त्यांच्या बाया 'कवंदी' शिवतात. कडेपासून तुकडे लावत आत येतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची फुले बसवतात. आफ्रिकन वंशाच्या या बायांची रीत अलाबामापेक्षा शेजारच्या मराठी-कानडी बायांच्या जवळची आहे. म्हणजे रीत रक्तातून आलेली नाही, शेजारणीकडून शिकलेली आहे. कोपऱ्यावरचे फूल मात्र त्यांचे स्वतःचे.

७

गीज बेंडपासून घेण्यासारखे काय? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, गोधडी हा विचार आहे आणि त्या विचाराला कर्ती आहे. दुसरी, प्रस्थापित संस्कृती या विचाराला दोन वेळा नाकारते. आधी ती त्याला चिंधी म्हणून नाकारते, आणि नंतर कला म्हणून डोक्यावर घेताना नाव व मोबदला बाजूला ठेवते. आज शहरांतल्या महागड्या दुकानांत गोधडी 'हातमागाची परंपरा' अशा गोलमाल शब्दांत विकली जाते. हातमागाचा आणि गोधडीचा संबंध काय, हे दुकानदाराला माहीत नसते आणि शिवणारी कोण, हे चिठ्ठीवर नसते. तिसरी गोष्ट, गीज बेंडच्या बायांच्या हाती सुई पूर्वीही होती. त्यांच्या शब्दाला वजन आले ते पायाखाली जमीन आल्यावर, मतदारयादीत नाव आल्यावर आणि स्वतःची सहकारी संस्था झाल्यावर.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या वर्गात प्रकल्प म्हणून शिवाजी-औरंगजेब यांच्यावरचे तेच ते उतारे पुन्हा उतरवण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका वाकळेची नोंद करावी. शिवणारीचे पूर्ण नाव, माहेरच्या नावासह. गाव. अंदाजे साल, आणि साल आठवत नसेल तर कोणत्या दुष्काळानंतर, कोणाच्या जन्मानंतर, कोणत्या मोर्चाच्या सुमारास. कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा. छापाचे कापड कोणत्या बाजारातून, काय भावाने. कोणता तुकडा बाईने हट्टाने त्या जागी लावला आणि का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो विचारायला आपल्या हाती फार वर्षे नाहीत. ज्या हातांनी या वाकळा शिवल्या ते हात थकत चालले आहेत. बाजारात स्वस्त ब्लँकेट आले आहे, ते यावे याबद्दल तक्रार नाही. थंडीत ऊब मिळणे हा हक्क आहे, परंपरा टिकवण्याची जबाबदारी गरिबाच्या लेकरांच्या अंगावर टाकता येत नाही. पण शिवणाऱ्या बाईशी बोलायला मात्र आत्ताच बसले पाहिजे, वही उघडून, तिचे नाव पहिल्या ओळीत लिहून.